भिंतीलगतचा मोगरा

आमच्या फरिदाबादच्या घराला तडे गेले ना, तेव्हाची गोष्ट सांगते. इंजिनिअरने पायाजवळची माती उकरून बघितली आणि मला म्हणाला, "भाभीजी, ये चिकनी मिट्टी है. पानी पीकर फूलती है, सूखकर सिकुड़ती है. दीवार के पास इतना पानी कौन डालता है?"

माझे सासरे भिंतीलगतच्या मोगऱ्याला पाणी घालायचे, घातल्याचं विसरायचे आणि पुन्हा पाइप हातात घ्यायचे.

"पाइपच लपवून ठेवू," हे म्हणाले.

"अजिबात नाही," सासूबाई म्हणाल्या. "तेवढं एकच काम त्यांना अजून आठवतं. मोगरा हलवा."

आम्ही मोगरा फाटकापाशी लावला. घराच्या पायात पाणी मुरू नये म्हणून भिंतीच्या कडेने बाहेर उतरता सिमेंटचा पट्टा घातला.

पट्टा वाळला आणि सासरे पाइप घेऊन तिथेच जाऊन उभे राहिले. "अगं, इथं माझा मोगरा होता ना?"

सासूबाईंनी त्यांचा हात धरला. "होता हो. चला, तिकडे तुमची वाट बघतोय."

तडे वाढायचे थांबले. सासरे अजून रोज तेच विचारतात, आणि सासूबाई पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर देतात.