दुसऱ्या मजल्याचं पाणी

— नाही, बसत नाही, उभीच बरी आहे मी, तेवढं दार लोटू का, म्हणजे खाली सायकलवाल्याकडे आमच्या सासऱ्यांचे मित्र येऊन बसतात कधीकधी, आज नाहीत, मी दोनदा वाकून बघितलं, पण माणसं काय, येतात. तर मी काय म्हणत होते — काढून टाका ते. एवढंच काम आहे माझं. परवा भाजीबाजाराबाहेर तुम्ही माइक घेऊन उभे होतात, मी पिशवी सांभाळत चालले होते, आणि तुम्ही म्हणालात, ताई, देशात जे चाललंय त्याबद्दल तुम्हाला काय वाटतं — ती मी. नाही आठवत? तुम्ही दिवसभर कितीतरी जणांना विचारत असाल. मला मात्र तुम्ही चांगले आठवता, कारण लग्न झाल्यापासून मला हे कोणी विचारलंच नव्हतं. मला काय वाटतं. हसू नका, खरंच. घरात मला पुष्कळ काही विचारतात, वाईट माणसं नाहीत ती — जेवलीस का, उकडतंय का, आईला फोन केलास का — पण तुला काय वाटतं हे नव्या सुनेला कसं विचारणार, तिला अजून काही वाटायला लागायचं असतं ना. म्हणून तुम्ही विचारलंत आणि मी बोलतच सुटले. त्यात तुम्ही मान हलवत होतात. समोरचा मान हलवायला लागला की माझी गाडी उताराला लागते — एरवी मी फार बोलत नाही, कोणालाही विचारा, सासूबाई तर पाहुण्यांना कौतुकाने सांगतात, आमची आहे की नाही ते कळतसुद्धा नाही.

राजकारणाचं बोलले ते एक वेळ राहिलं तरी चालेल. म्हणजे — नको, तेही काढाच. तसं काय वाईट बोलले मी? आमच्याकडे रात्रीच्या जेवणाला टीव्हीवर चार चौकोनांत चार माणसं एकदम ओरडतात आणि सासरे चौघांनाही उत्तर देतात, आणि त्या पाचांतला एकही दुसऱ्याचं ऐकत नाही, हे बोलले. मग ते निवडणुकीच्या आधी हात जोडून घरोघर येतात ते — आमच्याकडे आले तेव्हा दार मी उघडलं, तर माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाले, कोणी आहे का घरात? मी म्हटलं, आहे की. तरी ते आतच बघत राहिले. आणि माझं नाव माहेरच्या मतदार यादीत आहे पण मी तिथे नाही, इथे मी आहे पण यादीत नाव नाही, तेव्हा सध्या लोकशाही माझ्याशिवाय चाललीय, अडलेलं काही दिसत नाही. यावर तो तुमचा कॅमेरेवाला हसला होता. आणि आमच्या इमारतीतले ते काका, सगळ्यांना स्वच्छतेची शपथ देतात आणि केळ्याची साल खिडकीतून टाकतात — हे मात्र काढा हं, त्यांच्या बायकोशी माझं बरं आहे.

पण ते पाण्याचं. ते काढायलाच हवं. असं कोऱ्या चेहऱ्याने बघू नका हो, तुम्हाला आठवत असणार, तिथेच तर तुम्ही कॅमेरेवाल्याला बोटाने खूण केलीत, चालू ठेव म्हणून. मी म्हटलं होतं, देशाचं मला काय विचारता, आमच्या इमारतीत एका घराचं पाणी बंद केलंय आणि तेही रीतसर मत घेऊन. म्हटलं होतं ना? मग. गच्चीवर टाकी आहे, तिच्यातून प्रत्येक घराचा वेगळा पाइप खाली उतरतो आणि प्रत्येक पाइपाला एक चावी. दुसऱ्या मजल्याची चावी बंद आहे. का म्हणजे काय, ठरावात लिहिलंय, टंचाईमुळे भाडेकरूंचा पुरवठा तात्पुरता थांबवला. भाडेकरू, अनेकवचन. आख्ख्या इमारतीत भाडेकरू एकच — ती नर्स आणि अंथरुणाला खिळलेले तिचे वडील. आणि टंचाई वगैरे काही नाही, आमच्या खाली रोज गाड्या धुतात. दारावरच्या पाटीचं आहे सगळं. वर जाणारी माणसं तिथे एक पायरी थांबतात, आडनाव वाचतात आणि मग चढतात. सरळ जा म्हणायला कोणाला जमेना, सगळी सज्जन माणसं, म्हणून मग पाणी.

बैठक खाली गाड्या लावतात तिथे झाली, प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून. सासरे सेक्रेटरी आहेत. फार छान बोलतात ते, आवाज चढवत नाहीत, म्हणाले, आपल्याला कोणाबद्दल काही नाही, पण सगळ्यांच्या भावनांचा विचार करायला हवा. सगळे म्हणजे कोण ते सगळ्यांना कळलं. मग म्हणाले, हात वर करा. आणि — हे मी माइकवर सांगितलं नव्हतं, की सांगितलं? — माझाही हात वर होता. सासूबाईंनी कोपराला खालून नुसता हात लावला, असा, पदराची पिन निघालीय हे सांगताना लावतात तसा, आणि माझा हात गेला वर. इतका हलका गेला की मला वाटलं दुसऱ्या कोणाचा आहे. सर्वानुमते. त्या सर्वांमध्ये मी. आणि हात कोणता, तर हा, हा डाग दिसतोय ना मनगटाजवळ — लग्नानंतर नवीनच होते, कढईतलं तेल उडालं, घरात कोणी नव्हतं, मी जिन्यात येऊन नुसती उभी राहिले, रडायचं की ओरडायचं ते कळेना, आणि ती नर्स कामावरून येत होती, तिने काही विचारलं नाही, घरात नेलं आणि नळाखाली धरला हात. कितीतरी वेळ. मी म्हटलं, पुरे, पाणी वाया जातंय. ती म्हणाली, जाऊ दे.

कोणीच बोललं नाही असं नाही. त्याच्या आधीच्या बैठकीत तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर उभे राहिले होते, म्हणाले, घरात आजारी माणूस आहे हो. एवढंच. दुसऱ्या दिवसापासून त्यांना जिन्यात कोणी ओळख देईना. कोणी भांडलं नाही, काही नाही. त्यांच्या स्कूटरची हवा जायला लागली, रोज. पुढच्या बैठकीत मास्तरांचा हात सगळ्यांत आधी वर. मग हवा जायची थांबली.

म्हणून म्हणते, काढा. नवऱ्याला यातलं काही माहीत नाही. तो चष्म्याच्या दुकानात आहे, दिवसभर लोकांना विचारतो, आता स्पष्ट दिसतंय का, आता? — घरात मात्र त्याला काही दिसलंय असं मला अजून दिसलेलं नाही. सांगितलं तर म्हणेल, आपल्याला काय करायचंय. आमच्या घरात हे इतकं म्हणतात की उंबऱ्यावर रंगवून घ्यायला हरकत नाही. आणि सासऱ्यांची मला भीती वाटते ती ते ओरडतात म्हणून नाही. ते मला संत्रं सोलून देतात, दोरे काढून, एकेक फोड. पहाटे त्याच हाताने पाना घेऊन गच्चीवर जाऊन बघून येतात, चावी नीट बंद आहे ना. असा माणूस आपल्यावर रागावला तर काय करतो ते मला माहीतच नाही, आणि तेच डोक्यातून जात नाही. मला कोणी घराबाहेर काढणार नाही हो. मला तिथेच ठेवतील.

किती वाजले? नाही, घाई नाही, म्हणजे आहे, चहाच्या आत पोहोचायला हवं. सासरे दुपारी झोपतात आणि चहाला उठतात, तोवर मी कपडे काढायला म्हणून गच्चीवर जाते. रोज जाते. चपला हातात घेऊन. ती रात्रपाळी करून आलेली असते, तिलाही कळलंय बहुतेक की दुपारी थोडा वेळ पाणी येतं, खालून भांड्यांचा आवाज येतो, बादली, पातेलं, मग पुन्हा बादली, घाईघाईने. मग मी बंद करते. ती मला जिन्यात भेटते तेव्हा काही म्हणत नाही. मीही नाही. आज उघडून तशीच इकडे आले, म्हटलं तेवढंच जास्त मिळेल, वडिलांचे कपडे तरी —

हे मी माइकवर बोलले नव्हते, नाही?

नव्हते. मग आत्ता का बोलले मी. तुम्ही पुन्हा मान हलवत होतात, दादा, हे बरोबर नाही. बघा, तुम्ही कोणाला सांगू नका. मी तुम्हाला ओळखत नाही, हे कोणाचं चॅनेल, कोण चालवतं, काही माहीत नाही, भिंतीला, आवाजासाठी असतील, अंड्यांचे ट्रे चिकटवलेत आणि त्या कोपऱ्यात त्या हात जोडून येणाऱ्या पुढाऱ्याचा फलक गुंडाळून ठेवलाय, तो मी येताना बघितलाय, न बघितल्यासारखं केलं. आणि हा बघा, पाना. पिशवीत आहे माझ्या. त्या चावीचं चाक सासऱ्यांनी काढून ठेवलंय, पान्याशिवाय फिरत नाही ती. त्यांना जाग आली आणि चपलांच्या कपाटावर हा दिसला नाही तर — नाही येणार जाग. दुपारची त्यांची झोप गाढ असते. फक्त त्यांच्या उशाजवळच्या भिंतीतून तोच पाइप गेलाय, पाणी सुरू झालं की बारीक आवाज येतो, पण त्याची आता मला सवय झालीय, म्हणजे त्यांना सवय झाली असेल.

काय? सकाळीच टाकलंत? — मग मला इतका वेळ बोलू का दिलंत तुम्ही? दाखवा. नाही, मला बघायचंय, दाखवा.

ही मी? केवढी बारीक दिसते. बरं, लावा.

… एवढंच? पुन्हा लावा.

'सगळं छान चाललंय, सगळे एकजुटीने आहेत.' आणि मी हसते, आणि मागे ती वाद्यं वाजतात. दादा, मी असं म्हटलं नव्हतं. म्हणजे म्हटलं होतं, पण पुढे 'असं आमच्या इमारतीत सगळे म्हणतात' असं होतं, आणि मग पाण्याचं. ते कुठे गेलं? कापलंत. चार चौकोनवाले, दार उघडलं ते, सगळंच. लोकांना लांबलचक चालत नाही — हो, बरोबर आहे, कोणाला वेळ आहे. म्हणजे सासऱ्यांना काही कळणार नाही. मी दोन रात्री छताकडे बघत काढल्या आणि तुम्ही ते ऐकलंसुद्धा नव्हतं धड. सुटले म्हणायची मी. थांबा, जरा बसते.

नाही, नको काही. ठीक आहे मी.

हे तिनेही बघितलं असेल का? बाजारात तर सगळ्यांच्या फोनवर तुमचं ते असतं. ती रात्रपाळीहून आली असेल, जिना चढली असेल, बादली लावून बसली असेल पाण्याची वाट बघत, आणि हातातल्या फोनवर मी, हसतेय, छान चाललंय म्हणतेय. काढा ना हे. हे त्याहून वाईट आहे. पूर्ण लावा नाहीतर काढा तरी. हो, मीच आत्ता म्हणत होते, मला कळतंय मी काय म्हणत होते. म्हणजे तुम्हाला जमणार नाही. तुमच्याही वर कोणीतरी आहे, तो फलकवाला. तुमचाही हात असाच वर जातो का हो, कोणीतरी खालून नुसता लावला की? बरं. राहू द्या. नाही विचारत.

एवढे लोक बघतायत हे? हे खाली काय लिहिलंय — 'किती गोड बोलली ताई.' 'असे विचार हवेत.' हा कोण, कोणास ठाऊक. वर घ्या जरा, वर — 'ही आमची सून. आमच्या इमारतीचा अभिमान.' फुलं टाकलीयत. हा फोटो त्यांचाच, निवृत्तीच्या समारंभातला. सासरे. बघा, एवढं कौतुक कधी तोंडाने केलं नाही त्यांनी, आणि इथे — आणि शेजारी हे बारीक काय लिहिलंय? केव्हा लिहिलं ते? 'आत्ताच' म्हणजे आत्ताच का? ते कधी चुकून जुनं दाखवत असेल. नाही?

पण ते तर झोपलेत. कोणीतरी पाठवलं असेल त्यांना, फोन वाजत राहिला असेल उशाशी. उठले असतील. उठून बसले असतील आणि हे बघून, हे लिहून, मग — शांत असतं दुपारी घर. भिंतीला डोकं टेकून बसतात ते.

सरका, मला जाऊ द्या. पिशवी कुठाय माझी, द्या इकडे, आतलं हलवू नका. माझाच वाजतोय, हो. घरचाच आहे. तुम्ही बोलू नका आता, अजिबात काही बोलू नका.

हॅलो. हो, बाबा. … हो, बघितलं, तुमचं वाचलं मी आत्ताच. … शिंप्याकडे, निघतेच आहे. … आवाज असा का येतोय तुमचा? वाऱ्यात उभे आहात का? … बाबा, तुम्ही गच्चीवर आहात का?