चहाच्या डब्यातल्या गोळ्या

औषधांच्या दुकानात आपल्या नंबराची वाट बघत बसलेल्या फुमिएला मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं बोलणं ऐकू येत होतं.

"अहो, डॉक्टर एवढा वेळ काय सांगत होते?"

"माफी मागत होते."

"कोणाची?"

"माझी. म्हणाले, दोन वर्षं रोज गोळी देतोय, तरी छातीत पुन्हा कफ साचला. माझंच औषध कमी पडलं. उठून चक्क कमरेत वाकले."

"म्हणजे तुम्ही सांगितलं नाहीत."

"काय?"

"चहाच्या जुन्या डब्यात गोळ्या साठवताय ते. वर्षअखेरच्या साफसफाईत सापडला मला डबा."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तुम्हाला मान खाली घालावी लागली असती."

"खोकला थांबला होता गं. मित्रांबरोबर पट मांडला आणि गोळी काढली, की विचारायचे, अजून औषध चालूच का? आणि हळूच मागे सरकायचे."

"आणि डॉक्टर वाकले तेव्हा?"

"मी त्यांच्याहून खाली वाकलो."

"मोरिवाकीसान," खिडकीतून हाक आली. दोघं उठून गेली.

"आता जास्त कडक औषध दिलंय हं आजोबा. आधीच्या गोळ्या उरल्यात का घरी?"

म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबेचना.

"छे हो," बायको म्हणाली, "एक दिवस चुकवत नाहीत हे."

"किती छान," म्हणत खिडकीतली मुलगी आदरानं वाकली.

ती दोघंही वाकली. फुमिएला त्यांच्या फक्त पाठी दिसत होत्या, आणि त्या लवकर सरळ होईनात.