शेगडीवरचा डबा

ता. २१ ऑगस्ट १९७३

नाव गोरख तुकाराम ओव्हाळ, वय ३६ वर्षे, धर्म बौद्ध, धंदा मोटार मेकॅनिक, राहणार वलवण, तालुका मावळ, जिल्हा पुणे.

समक्ष ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, लोणावळ्यात हमरस्त्याला लागून असलेल्या दत्तोबा शेलार यांच्या गॅरेजमध्ये मी नोकरीस आहे. मयत कोंडू उघडे, राहणार भुशीच्या वरची ठाकरवाडी, हा माझ्या हाताखाली हेल्पर होता. जयंतीला आणि सभांना मी भाषणे करतो, हे इथे सर्वांना माहीत आहे. आज भाषण नको, पाहिले तेवढेच सांगा, असे मला बजावले आहे. तेवढेच सांगतो.

शनिवारी घाट चढून आलेला एक ट्रक गॅरेजला लागला. त्याचे हेड पॅकिंग जळून पाणी तेलात उतरले होते. इंजिनचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामध्ये जो पातळ पत्रा बसतो, त्याला आम्ही हेड पॅकिंग म्हणतो. बसवण्याआधी त्याला दोन्ही बाजूंनी लाखेचा हात देतात, म्हणजे पाणी झिरपत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे काही वाळत नाही. म्हणून लाख लावलेले पॅकिंग कोळशाच्या शेगडीवर धरून शेकवायची गॅरेजची पद्धत आहे. शेगडी आषाढापासून पेटती असते.

या वेळी शेलार शेठनी मुंबईहून आलेला फवाऱ्याचा डबा काढला. वरची कळ दाबली की तांब्याच्या रंगाची लाख उडते, ब्रश लागत नाही. कोंडूने पॅकिंग तारेला टांगले आणि फवारा मारू लागला. हवा गार होती. फवारा सुटेना, नुसते थेंब पडू लागले.

शेठ म्हणाले, "शेकव की जरा डबा. आपली लाख नाही का आपण शेकवत?"

कोंडू म्हणाला, "लय गार हाय शेठ. हातात मासा धरल्यावानी."

शेठ म्हणाले, "मग मासा भाजतोस तसा भाज. ट्रकवाला डोक्यावर बसलाय."

कोंडू हसला आणि त्याने डबा शेगडीच्या काठावर ठेवला. शेठ ट्रकवाल्याला चहाला घेऊन गेले. मी ट्रकखाली चेंबरचे बोल्ट आवळत होतो. मला कोंडूचे पाय दिसत होते.

तो म्हणाला, "भाऊ, हेड आवळाया कवा येताय?"

मी म्हणालो, "तुझ्या देवीला विचार."

त्यानंतर आवाज झाला.

मी बाहेर आलो. डबा फुटला होता आणि शेगडी भिंतीशी पडली होती. कोंडू खाली बसलेला होता. त्याच्या तोंडावर व गळ्यावर तांब्याचा रंग होता आणि सदरा पेटला होता. मी पोत्याने विझवला. दवाखान्यात नेताना तो काही बोलला, ते मला समजले नाही. रविवारी तो मयत झाला.

शेठनी दिलेली खबर मला वाचून दाखवली. कोंडू बिडी पेटवत होता, म्हणून भडका झाला, असे तिच्यात आहे. पंचनाम्यात बाकाखाली बिड्यांचे बंडल मिळाले आहे. ते बंडल माझे आहे. डबा शेकवायला शेठनी सांगितले, ते मी माझ्या कानांनी ऐकले. कोंडू बिडी ओढत नव्हता.

त्याची मुलगी येसू तापाने जायची वेळ आली होती, तेव्हा त्याने कार्ल्याच्या एकवीरेपुढे बिडी सोडली. मुलगी वाचली. मी नवस मानत नाही. सभांतून त्याविरुद्ध बोलतो व पुढेही बोलेन. जेवण झाले की मी त्याच्यापुढे बिडी धरायचो आणि म्हणायचो, "ओढ की लेका. देवी तिकडे डोंगरावर, तिला इथला धूर दिसतोय होय?"

तो म्हणायचा, "तिला न्हाई दिसायचा भाऊ, पर येसूला वास येतो."

त्याने एकदाही हात पुढे केला नाही.

वाडीवर आता असे बोलतात की, कोंडूने नवस मोडला म्हणून देवीने त्याला नेले, आणि आता ती वाचवलेली पोरही परत मागणार. कोंडूची बायको गंगी हिने तेव्हापासून मुलीला खाली ठेवलेले नाही. तिला भाकरीही एका हाताने खाताना मी पाहिले. काल तिने मला विचारले, "भाऊ, त्यांनी वढली का? तुमी तितं व्हता."

मी नाही म्हणालो.

ती म्हणाली, "मला ठावं हाय. पर वाडी म्हंती, गोरखभाऊ देव मानीत न्हाई, त्यो काय बी सांगल. तुमी सरकारात सांगा."

म्हणून सांगतो. कोंडू उघडे याने केलेला नवस मरेपर्यंत पाळला. त्याने तो मोडला, असे कोणी म्हणत असेल तर ते खोटे आहे.

माझा जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो जमादारांनी लिहिला आहे. गंगी मुलीला घेऊन वाडीच्या माणसांसह बाहेर ओसरीवर बसली आहे. नवसाबद्दलचा शेवटचा मजकूर दार उघडून, मोठ्याने, पुन्हा एकदा वाचावा, अशी मी जमादारांना विनंती केली. त्यांनी तसा वाचला. तो बरोबर आहे.

समक्ष सही,
गोरख तुकाराम ओव्हाळ