वीतभर ठेवून कापा

झोप कुठली लागायला! रात्रभर डोक्यात एकच... लेकीला सांगायचं कसं, की बाळा, तुझं गवत मेलं! हसताय? हसा. सासूबाईही हसल्या. "अगं, लोक गवत उपटायला माणूस लावतात, आणि तू विकत आणून लावतेस?" बरोबरच आहे. लावलं कोणी? मीच!

तुम्हाला सांगते, आधी दारात छान हिरवळ होती. पण पाणी पाजून पाजून माझा जीव मेटाकुटीला आला. मग कुठंसं वाचलं, इथल्याच मातीतलं गवत लावा, झुपक्याझुपक्यानं वाढणारं, पाणी वाचतं, पाखरं येतात... वाचायची खोड वाईट! रोपवाटिकेतले काका तर म्हणाले, "ताई, हे काही मागत नाही. वर्षातून एकदा वीतभर ठेवून कापायचं आणि विसरून जायचं." विसरून जायचं? झोपलेल्या लेकीचा श्वास चालू आहे ना हे बघायला जी अजून उठते, ती विसरणार?

तर कापलं. पाच वर्षांची लेक शेजारी उभी. म्हटलं, "बघ, वीत लावायची, एवढंच ठेवायचं, मग नवे केस येतात." झालं! तेव्हापासून शाळेतून आली की दप्तर फेकून आधी झुपक्यांकडे. पण केस कुठले यायला! शेजारच्या कुंपणाला रानगवत हिरवंगार, आणि आमचे झुपके म्हणजे झिजलेले खराटे, दिवसेंदिवस आणखी बुटके! पाणी कमी झालं? जास्त झालं? माझी कात्रीच मुळावर आली? त्यात धुण्यात फ्रॉकच्या खिशातून रोज हिरवा चुरा निघतोय... शाळेच्या मैदानात लोळत असणार, दुसरं काय! सगळीकडे गवत आहे हो, फक्त आमच्या दारात नाही. आणि लावलं कोणी? मीच!

नवरा म्हणाला, "रविवारी उपटू आणि फरशी टाकू. कटकट नको." आज रविवार. तो मागं फावडं शोधतोय, मी लेकीला पायरीवर घेऊन बसलेय आणि रात्रभर घोकलेलं भाषण करतेय. "बाळा, कधी कधी आपण खूप काळजी घेतो ना, तरीसुद्धा..." आवाज भरून आला हो माझा! गवतासाठी!

तिनं फ्रॉकनं माझे डोळे पुसले आणि म्हणाली, "आई, मेलं नाहीये गं ते. रोज हिरवं हिरवं वर येतं. मी रोज कापते ना, माझी वीत लावून! आजचं राहिलंय. कात्री दे."