गुरुजींची नोंद

तुम्ही हसाल राव, पण आमच्या घरी गोष्टीच्या पुस्तकाला शिफ्टचं रजिस्टर होतं. आमची आठ वर्षांची मुक्ता पाय मोडून घरी बसली होती. तिला छोट्या जादूगारांच्या शाळेची एक जाडजूड कादंबरी वाचून दाखवायची होती. माझी चाकणला सेकंड शिफ्ट, बायकोची फर्स्ट. म्हणजे सकाळी मी वाचणार, संध्याकाळी ती. मग कंपनीत लिहितो तसं, कुठवर आलं आणि काय झालं ते शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवायचं.

एका सकाळी माझ्या वाट्याला नेमकं शाळेचे म्हातारे गुरुजी वारतात ते प्रकरण आलं. माझे वडील, अण्णा, जाऊन महिनाही झाला नव्हता. माझ्याच्यानं वाचवेना. मी म्हणालो, "गुरुजींना बरं वाटलं, ते जेवले."

मुक्ता म्हणाली, "बरं झालं."

मी पुस्तक मिटलं आणि नोंद न करताच कामावर गेलो. कंपनीत असं केलं असतं तर सुपरवायझरनं सोलून काढलं असतं.

संध्याकाळी कुठवर आलं ते मुक्ताला विचारून बायकोनं पुढचं प्रकरण उघडलं, तर पहिल्याच ओळीत गुरुजींची रिकामी खुर्ची. ती गडबडली. मुक्ता तिला म्हणाली, "मला माहितीये आई. पप्पांचा आवाज बदलला होता. पेन्सिल दे."

दुसऱ्या दिवशी मी शेवटचं पान उघडलं. मी रिकाम्या सोडलेल्या ओळीवर मुक्ताच्या अक्षरात लिहिलं होतं, "गुरुजी वारले. पप्पांना अजून सांगू नये."