दंतवैद्याकडची वाइनपरीक्षा

…आणि वर म्हणतात, "गिळू नका, थुंका!" तुम्हाला सांगतो, ज्या गोष्टीबद्दल आयुष्यभर पोरांना रागावलो, तीच गोष्ट चार सुशिक्षित माणसांत बसून, इस्त्रीचा सदरा घालून, डोळे मिटून करायची… आणि तीही कुठे? दंतवैद्याच्या दवाखान्यात! आमच्या वाइनमंडळाचे अध्यक्ष दंतवैद्य ना! सुट्टीच्या दिवशी दवाखाना रिकामा. म्हणतात, "थुंकायला याहून सोयीची जागा शहरात दाखवा!" दाखवा काय दाखवा! भिंतींत लवंगेच्या तेलाचा वास मुरलेला, समोर किडक्या दाढेचं दाराएवढं चित्र, आणि त्या दाढेकडे बघत आपण ठरवायचं की दक्षिण अमेरिकेतल्या स्वस्त वाइनला जांभळाचा गंध आहे की आलुबुखाराचा!

मी शब्दकोशाच्या कचेरीतला माणूस. एका शब्दाच्या जागी दुसरा बसलेला दिसला की मला घास गोड लागत नाही. अध्यक्ष म्हणाले, "आमच्याकडे नाकं पुष्कळ आहेत हो, शब्द नाहीत. तुम्ही याच." गेलो. मला फक्त चव सांगायची होती, बाकी काही नाही!

पण निघताना बायको दारात आडवी! तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, चांगल्या पगाराची नोकरी सोडून अर्जेंटिनाची स्वस्त वाइन मागवून बसलेला. त्या वाइनचा निकाल आज आमच्या हाती. मंडळाने पसंत केली तर शहरातला सर्वांत मोठा दुकानदार ती ठेवणार. नाही केली, तर मेहुण्याने गोदामात बसून एकट्याने संपवायची! आणि नियम कसा? परीक्षक तीन, त्यांतल्या एकानेही 'नापसंत' म्हटलं की वाइन बाद. बायको म्हणते, "तुमचा तो काटेकोरपणा आज घरी ठेवून जा." म्हटलं, अगं, कोणती वाइन कुणाची ते आम्हाला सांगतच नाहीत! "मग सगळ्यांनाच चांगलं म्हणा. तोंड दुखतं का?" …दंतवैद्याकडे निघालेल्या माणसाला विचारायचा प्रश्न आहे का हा?

बरं, बाटलीच्या आकारावरूनसुद्धा कुणाला ओळख पटू नये, म्हणून अध्यक्ष प्रत्येक वाइन स्टीलच्या सुरईत ओततात आणि सुरईवर चिठ्ठी डकवतात. क, ख, ग. आम्ही घोट घ्यायचा, घोळवायचा, आपापल्या पेल्यात थुंकायचा, आणि दर फेरीनंतर अध्यक्ष ते पेले नि उष्टं-उरलेलं सगळं एका वेगळ्या सुरईत रिकामं करणार. ही सुरई कशी? अगदी तशीच! म्हणे, "संच घेतला, देखणा दिसतो!"

क आली. भोपळी मिरची चिरल्यासारखा वास, जरा राकट, पण प्रामाणिक. पसंत. ख आली. मुरंब्याच्या पाकासारखी, गोडगोड बोलून गळ्यात पडणारी. तीही पसंत, चालायचंच. मग शेवटची ग… काय सांगू तुम्हाला! कोमट, पाणचट, विस्कटलेली. तोंडात घेतली आणि वाटलं, शेजारच्यांचं भांडण रंगात आलेलं असताना आपण चुकून त्यांचं दार उघडलं! थू थू करून टाकली.

आणि शेजारी संगीतशिक्षिका बाई मान डोलावतायत! "अहाहा… अनेकपदरी आहे हो! एक सूर विरतो न विरतो, तोच मागून दुसरा!" पलीकडे घरांचे आराखडे काढणारे गृहस्थ, त्यांनी पेला उजेडात धरला. "बांधणी बघा, बांधणी! एका पायावर दोन घरं उभी केलीत! अध्यक्ष, अजून घाला."

आता माझी पाळी. मनात म्हटलं, बाबा रे, म्हण पसंत आणि सूट. पण शब्द म्हणजे काय चिल्लर आहे, समोर येईल त्याच्या हातावर ठेवायला? आणि मला फक्त चव सांगायची होती ना? सांगितली! "विस्कळीत. नापसंत."

अध्यक्षांनी कागद उघडला. "ग… अर्जेंटिना." आणि पुढे मेहुण्याचं नाव!

पायाखालची फरशी सरकणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं मला. खिशात फोन थरथरतोय, बायकोचा. उचलू? काय म्हणून उचलू? समोरची दाढसुद्धा माझ्याकडे कीव आल्यासारखी बघायला लागली. मेहुणा बाहेर जिन्यात बसलेला, त्याचे बूट दाराच्या काचेतून दिसत होते… एक बूट सारखा हलत होता हो! आणि मला काय, मला फक्त चव…

इतक्यात अध्यक्ष आमचे पेले उष्ट्याच्या सुरईत ओतायला गेले आणि थबकले. "अहो… ही काठोकाठ भरलेली कशी?" हुंगली. पुन्हा हुंगली. "आणि ताजी कशी?"

मग त्यांनी 'ग'ची चिठ्ठी लावलेली सुरई उचलून हुंगली.

"मघाशी 'ग'ची चिठ्ठी ओली होऊन गळून पडली होती… मीच उचलून चिकटवली…" म्हणजे 'ग' म्हणून आम्ही जे प्यायलो ते…! बाई किंचाळल्या, "अग बाई, मी तर गिळली!" गृहस्थ भिंतीला टेकले. "मी दोनदा मागून घेतली हो…" आणि दोघे बेसिनाकडे असे धावले, असे धावले! खळखळून चुळा, पुदिन्याच्या औषधाची अख्खी बाटली संपली! आणि मी? तुम्हाला सांगतो, भर दवाखान्यात, त्या खुर्चीत अंग टाकून, पोटभर हसलो! छातीवरचा धोंडा उतरला! बाद झाली ती थुंकी, मेहुणा नव्हे!

मग खरी ग आली. पण हीसुद्धा वाईट निघाली तर? ते दोघे म्हणाले, "आम्हाला नुसता पुदिना लागतोय, पण पसंत, पसंत!" मी मात्र कोरडा पाव चावला, पाणी प्यायलो, आणि मग घोट घेतला. स्वच्छ. नेटकी. किंचित आंबट, बढाई न मारणारी. "निर्मळ," मी म्हणालो. "पसंत." मेहुण्याने आत येऊन मिठी मारली, "भाऊजी, वाचवलंत!" दोघांचे डोळे ओले.

तरंगत घरी आलो. सगळं सांगितलं. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे लोकांची थुंकी अनेकपदरी, आणि माझा भाऊ नुसता निर्मळ?"

अहो, निर्मळ हा केवढा मोठा शब्द… जाऊ दे. बाटलीच्या लेबलावर माझं मत छापणार आहेत. दिलंय लिहून, 'अनेकपदरी'.