एंजल ट्रम्पेटचा नवस

नवी झाडं तयार करायचा नाद मलाही होता रे, पण आमच्या गल्लीने तो सोडवला. धोतऱ्यासारखीच, पण खाली लोंबणारी मोठी फुलं येतात ना, त्या एंजल ट्रम्पेटची दोन झाडं जळगावच्या घरी अंगणात होती, एक पांढरं आणि एक गुलाबी. म्हटलं, दोघांचा संकर करून नवा रंग काढू. एका संध्याकाळी गुडघे टेकून, मान वर करून गुलाबीचे परागकण पांढऱ्या फुलात ब्रशने लावले आणि खूण म्हणून देठाला लाल धागा बांधायला लागलो.

कुंपणापलीकडून शेजारच्या अक्का म्हणाल्या, "भाऊ, नवस शे का?"

ब्रश दातांत धरलेला. बोलणं टळावं म्हणून मी मान डोलावली. तिथेच चुकलो. दुसऱ्या दिवशी बघतो तर झाडाच्या प्रत्येक फुलाला लाल धागा! माझं फूल कोणतं, ते मलाच ओळखू येईना.

पुढच्या आठवड्यात अक्का पेढे घेऊन हजर. त्यांच्या मुलाचं लग्न धुळ्याला जमलं होतं. मी वैतागून म्हणालो, "अक्का, माझ्या संकराचं पार वाटोळं झालं!"

त्यांनी पेढा माझ्या हातावर ठेवला. "झाड जागृत शे, भाऊ. तुमनीच श्रद्धा कमी पडनी."